होमाच्या राखेतले कुळीथ

“माझ्या कुळथाक कीड? ह्या जल्मात लागाची नाय!” कमलाक्षीने गोव्यातल्या धारगळ गावी भर अंगणात सांगून टाकलं आणि राख आणायला आत गेली. चुलीत राख नव्हती. चूलच नव्हती. तिच्या जागी नवी गॅसची शेगडी बसली होती, वर जास्वंदीचं फूल.

पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, जवळजवळ झाली होती. मिरच्या, सोलं, सुके बांगडे डब्यांत गेले होते. राहिले ते कुळीथ, आणि राखेत घोळल्याशिवाय ते टिकत नाहीत.

शेजारची सुमन दगडी गडग्यावरून बघतच होती. “वयनी, आता गॅसची राख काडा!”

“वायच दी मगे तुझ्या चुलीतली.”

“आमकाच पुरना नाय. आनी आमच्या धुराचो तुमका वास येता!”

कमलाक्षीने नवऱ्याला, गुरुदासला, गोणी देऊन पिटाळलं. यंदा कुळीथ किडले, तर सुमन ती बातमी पेडण्याच्या बाजारापर्यंत पोचवणार होती.

गुरुदास छाती फुगवून परतला. राख मऊ, पांढरी, तुपाच्या वासाची. कमलाक्षीने डबाभर कुळीथ घोळले आणि मग विचारलं, “खंयची ही?”

“देवळातली. गोंयचा वेगळा राज्य झाला म्हणून होम केल्लो नाय? कुंड साफ करून दिलंय. भट खूश जातलो.”

भट खूश नव्हते. अंगारा वाटायला गेलेले विठ्ठलभट रिकामं कुंड बघून तडक अंगणात आले, मागून अर्धा वाडा. “गोंयाक राज्य मेळ्ळा, त्या होमाचो अंगारो तुमी कुळथाक फासलो?”

गुरुदास डब्यामागे सरकला. कमलाक्षीने पदर डोक्यावर घेतला. “फासूक नाय, भटजी. देवाक म्हटलंय, राज्य सांभाळतलंस तसे माझे कुळीथ पण सांभाळ. चुकला माझा?”

भटजींनी डब्यात डोकावलं. अंगारा तर आता कुळथालाच होता. त्यांनी ओंजळ पुढे केली. “घाल प्रसाद.”

मग काय, रांगच लागली. कोणी पदरात घेतले, कोणी टोपीत, कोणी पावाच्या पिशवीत. कमलाक्षी पाटावर बसून वाटत होती. “दाटू नकात, सगळ्यांक मेळतला!” असा रुबाब पणजीतल्या मंत्र्यांनाही जमला नसता.

शेवटी सुमन आली, मान खाली घालून. “वयनी, आमका?”

“घे गो बाये. राज्य सगळ्यांचा.”

सुमनने मूठ कपाळाला लावली. मंडळी पांगल्यावर कमलाक्षीने डबा उपडा केला. थोडी राख पडली, कुळीथ एकही नाही. पाऊस अजून लागायचा होता.