टेबलासमोरची बाजू

बाबा गेल्यानंतर सतराव्या दिवशी मी कामावर परत गेले. घरी बसून काही होत नव्हतं आणि कामावर जाऊनही काही होईल असं वाटत नव्हतं. पण तिथे निदान खुर्ची ठरलेली होती.

आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. सध्याच्या गेममधल्या जगात विजेचा शोध लागलेलाच नाही. ट्राम, छापखाने, हवेतली जहाजं, सगळं वाफेवर चालतं. त्या जगात एक साम्राज्य आहे. समुद्र ओलांडून ते एका बंदराच्या शहरात येतं, घरोघर गरम पाणी पोचवतं, दवाखाने बांधतं, आणि वाफेचे नळ टाकायला तीन वस्त्या पाडतं. मी त्या जगाची लेखिका. माझ्या पहिल्या खर्ड्यात साम्राज्याचे सगळे अधिकारी काळे कोट घालून खदाखदा हसत होते. तो वाचून मुकादम म्हणाला होता, "हे साम्राज्य आहे की नाटक कंपनी?"

मुकादम म्हणजे आमचा प्रमुख. तो कुणावर आवाज चढवत नाही, म्हणून थट्टेत पडलेलं नाव. त्यानंतर आम्ही एक नियम केला. साम्राज्याच्या प्रत्येक माणसाचं बोलणं तीन बाजूंनी लिहायचं: तो घरी कसा बोलतो, साहेबासमोर कसा बोलतो, आणि त्याच्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी कसा बोलतो. तिन्ही लिहून झाल्याशिवाय पात्र पुढे जात नाही.

मोजणी अधिकारी मी बाबांवरून लिहिला. बाबा भूसंपादनाच्या कार्यालयात मोजणीला होते. रस्ता, कालवा, काहीही यायचं असलं की कुणाचं घर रेषेच्या आत आणि कुणाचं बाहेर, ते त्यांच्या नकाशावर ठरायचं. पहिल्या दोन बाजू मी इस्पितळात त्यांच्या खाटेशेजारी बसून लिहिल्या. तिसरी राहिली.

"बस आधी," सतराव्या दिवशी मी पोचताच मुकादम म्हणाला. "चांगली बातमी आहे. तू नव्हतीस तेव्हा गेम चाचणीला दिला. तुझ्या मोजणीदारानं सगळ्यांना रडवलं."

"टेबलापाशी?"

"टेबलापाशीच तर! वस्ती पाडायच्या आदल्या दिवशी खेळाडू अर्ज घेऊन जातो, आणि हा विचारतो, 'जेवलीस का? घसा बसलाय तुझा, गार पाणी पिऊ नकोस.' काय लिहिलंयस गं!"

मी ते तिथे लिहिलं नव्हतं. एखादी बाजू रिकामी असली तर आमचं सॉफ्टवेअर त्याच माणसाचे घरचे संवाद उचलतं. पात्र मुकं उभं राहू नये म्हणून ही सोय मीच मागून घेतली होती. अधिकारी आपल्या मुलीला जे म्हणतो, तेच तो घर जाणाऱ्या बाईला म्हणत होता.

"ती चूक आहे," मी म्हणाले. "तिसरी बाजू लिहायची राहिली."

मुकादमनं खुर्ची माझ्याकडे ओढली. "मग राहू दे ना तशीच. साम्राज्यातही माणसं असतात, हेच तर दाखवायचं होतं आपल्याला. आणि..." तो अडखळला. "बाबांची आठवणही राहील."

शेजारच्या टेबलावरून तोफ वळली. हेही थट्टेतलंच नाव; ती गेम तपासते, आणि मनात काही ठेवत नाही. "मला नाही रडू आलं," ती म्हणाली. "माझं घर पडणार, आणि हा माझा घसा बघतोय. मेल्यानं अर्ज तर वाचायचा!"

मुकादमनं तिच्याकडे डोळे वटारले. माझ्या बाबांना मेला म्हटलं हे तिच्या लक्षात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. मला काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत लिहिते," मी म्हणाले.

मला काय लिहायचं आहे ते ठाऊक होतं. आठ-नऊ वर्षांची असताना शाळा बंद होती म्हणून बाबा मला कार्यालयात घेऊन गेले होते. त्यांच्या टेबलासमोर एक बाई घडी घातलेला कागद घेऊन उभी होती. बाबा नकाशावर पट्टी धरून रेघ मारत होते. "नियमात बसत नाही, बाई," ते म्हणाले. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं. "माझ्या हातात असतं तर केलं असतं." मान वर केली नाही. रेघ वाकडी झाली असती. एक वाजला तसे ते मला जेवायला घेऊन गेले. सावकाश खा म्हणाले. परत आलो तेव्हा बाई तिथेच होती.

संध्याकाळी आईला फोनवर विचारलं, बाबा कधी बोलायचे का त्या लोकांबद्दल?

"कोण लोक?" आई म्हणाली. मग म्हणाली, "बाहेरचं त्यांनी कधी घरात आणलं नाही हो. तेवढं एक होतं त्यांचं." तिच्या आवाजात कौतुक होतं.

मी दोन वाक्यं लिहिली. दोन्ही तशीच, त्यांनी त्या बाईला म्हटलेली. मुकादमनं वाचली. "लोक तिरस्कार करतील त्याचा," तो म्हणाला.

"करू देत. पहिल्या दोन बाजू काढल्या नाहीयेत मी."

शुक्रवारी ध्वनिमुद्रण झालं. मोजणीदाराला आवाज देणारे गृहस्थ साठीचे आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. "आत्तापर्यंत भला माणूस होता की हा. आता तुसडा करू?"

"नको. आवाज तोच, काका."

"तोच? मुलीशी बोलतो तोच?"

"हो. फक्त मान वर करायची नाही."

त्यांनी समोर एक कोरा कागद ठेवला, त्याच्यावर वाकले, आणि दोन्ही वाक्यं म्हटली. काचेपलीकडे मी ऐकत होते. दुसरं वाक्य संपलं तेव्हा तोफेनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "आता याच्यापुढे उभं राहणं नको वाटतं," ती हळू म्हणाली.

"मग बरोबर आहे," मी म्हणाले.

काका आतून म्हणाले, "आणखी एकदा घेऊ या का? गोडवा जरा कमी करतो."

"नको," मी म्हणाले. "तेवढा होता त्यांच्यात."