खालच्या खणातली कादंबरी

मी एक जुना खण आहे. एका लिहिण्याच्या टेबलाला उजव्या हाताला तीन खण आहेत, त्यांतला सगळ्यात खालचा मी. मित्रांनो, टेबलाचं कौतुक होतं, खुर्चीचं होतं, दिव्याचंही होतं. खणाला मात्र लोक गुडघ्याने ढकलून बंद करतात. मला त्याचं आता काही वाटत नाही. पण माझ्या पोटात एक कादंबरी मेली आहे आणि तिच्याबद्दल बोलायला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून हा खटाटोप.

मला घडवणारा सुतार चोखंदळ होता. वरचे दोन खण त्याने भराभर उरकले, माझ्यापाशी मात्र तो दोन दिवस रेंगाळला. मला खोल केलं, कडा घासल्या, तळाला मेण लावलं. "वरच्या खणात रोज लागतं ते ठेवायचं आणि खालच्यात जपायचं ते," असं त्याने टेबल न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला बजावलं. मी उघडताना कधी अडलो नाही, बंद होताना कधी कुरकुरलो नाही. याचा मला केवढा तोरा होता! आज त्याचीच लाज वाटते.

ते गिऱ्हाईक म्हणजे बाबा. नऊ मजली कचेरीत ते चौतीस वर्षं लिफ्टमन होते. "माझा जन्म वर-खाली करण्यात गेला, पुढे म्हणून कुठे गेलो नाही," असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच खो खो हसायचे. बायको लवकर गेली. दोन मुली त्यांनी एकट्याने वाढवल्या. धाकटी परिचारिका झाली. मोठी छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली आणि तिच्यासाठीच बाबांनी हे टेबल घेतलं. पुस्तक छापण्याआधी त्याची कच्ची पानं वाचायची आणि दिसेल ती चूक लाल शाईने दाखवायची, हे तिचं काम. तिच्या नजरेतून साधा अनुस्वारही सुटत नसे. मालक तर म्हणायचे, की बाईंच्या हाताखालून गेलेलं पुस्तक डोळे मिटून छापावं.

हीच मोठी एके दिवशी स्वतःची कादंबरी लिहायला बसली. रोज सकाळी सहा ते आठ, चहाचा कप वाफाळतोय तोवर निम्मं पान व्हायचं. कादंबरीतला नायक लिफ्टमन होता. लिहून झालं की ती पानं माझ्यात ठेवायची आणि छापखान्यात पळायची. दोन वर्षांत दोनशे शहाऐंशी पानं झाली. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ होता. मी रोज थोडा थोडा जड होत होतो. बाबा येता-जाता तिला चिडवायचे, "काय लेखिकाबाई, आज कितव्या मजल्यावर?" आणि ती लाजून पानावर हात आडवा धरायची.

बाबांची नजर तोपर्यंत अधू होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता ती सुधारायची नाही. त्यामुळे त्यांना कादंबरी वाचता येणार नव्हती, ऐकावीच लागणार होती. त्यांची तेवढी एकच इच्छा होती. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी फारच लकडा लावला, तेव्हा तिने मधलं एक प्रकरण काढलं आणि त्यांच्या पलंगाशी बसून वाचायला घेतलं. त्या प्रकरणात लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये बंद पडते. आत लिफ्टमन आणि कचेरीचे मोठे साहेब, ज्यांनी कित्येक वर्षांत त्याच्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही. साहेब घाबरून विचारतात, आता काय करायचं? लिफ्टमन म्हणतो, "साहेब, आता आपण दोघं एकाच मजल्यावर आहोत."

बाबा हसले. ठसका लागेपर्यंत हसले, डोळे पुसत हसले. तिने वाचणं थांबवलं. तिच्या दृष्टीने तो कादंबरीतला सगळ्यात गंभीर प्रसंग होता. "हसण्यासारखं आहे का हे?" तिने विचारलं. "अगं मग काय रडू? वाच पुढे!" बाबा म्हणाले. तिने पुढे वाचलं नाही. घसा बसलाय म्हणाली आणि पानं माझ्यात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर बाबा धाकटीला म्हणाले, "हिला कसं कळलं गं? मी त्या दिवशी अगदी हेच म्हणालो होतो. शब्दाला शब्द. आणि मी हे तुमच्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं."

धाकटीने संध्याकाळी दारातच ताईला गाठून हे सांगितलं. ताई थकल्यासारखी हसली. "बाबा माझं मन राखतायत. मला वाईट वाटलं ते त्यांना कळलंय."

"अगं पण ते खरंच म्हणाले होते तसं!"

"तू पण ना. तुला काय कळतं त्यातलं?"

झालं. त्या दिवसापासून कोणाचंच बोलणं तिच्या कानापलीकडे जाईना. बाबा चांगलं म्हणाले तर ती माया, धाकटी म्हणाली तर अडाणीपणा. मालकांनी पहिली तीस पानं मागून घेतली, वाचली आणि सरळ सांगितलं, "बाई, सगळी आणून द्या, मी छापतो." ती घरी येऊन म्हणाली, इतकी वर्षं काम करतेय, बिचारे नाही कसं म्हणतील.

तरी एकदा तिने धीर केला. सोमवार होता. तिने सगळी पानं खाकी कागदात बांधली, वर छापखान्याचा पत्ता लिहिला, चपला घातल्या आणि दारापर्यंत गेली. तिथून परत आली. "एकदा शेवटचा हात फिरवते," असं स्वतःशीच पुटपुटत तिने मला ओढलं आणि पुडकं आत ठेवलं. मी लोण्यासारखा सरकलो. मित्रांनो, त्या दिवशी मी अडायला हवं होतं. दोन मिनिटं जरी अडलो असतो तरी तिला बससाठी पळावं लागलं असतं आणि पुडकं हातातच राहिलं असतं.

मग तो शेवटचा हात सुरू झाला. ती दुसऱ्यांची पानं तपासायची तशीच लाल पेन घेऊन स्वतःची पानं तपासू लागली. चुका शोधायचीच तिला सवय, त्या सापडायच्याच. खोडून खोडून पान लाल झालं की ती नवी प्रत लिहायची आणि जुनी छापखान्यात नेऊन कातरणाच्या पोत्यात टाकायची. तिथे अशीच पद्धत होती, जुनी प्रत ठेवली की घोटाळा होतो. दोनशे शहाऐंशीची दोनशे अकरा झाली, मग एकशे चाळीस. सगळ्यात आधी तिने बंद लिफ्टचं प्रकरण काढून टाकलं. मग लिफ्टमनचे विनोद. मग त्याचं गुणगुणणं, त्याची चिडचिड, बायको गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तो कामावर येतो ते पान. आपल्याला लिहिता येत नाही हे तिला ठाऊकच होतं, ती फक्त त्याचा पुरावा गोळा करत होती.

बाबांना आता काहीच दिसत नव्हतं. दुपारी घरात कोणी नसलं की ते चाचपडत टेबलापाशी यायचे, मला उघडायचे आणि पानांच्या गठ्ठ्याची जाडी चिमटीत धरून बघायचे. पहिल्यांदा त्यांना वाटलं आपलाच अंदाज चुकतोय. पुढे एकदा धाकटीला म्हणाले, "मी रोडावत चाललोय बघ." ती म्हणाली, "जेवत कुठे नीट तुम्ही!"

मोठीला मात्र त्यांनी एका सकाळी विचारलं, "लेखिकाबाई, मी अजून आहे ना त्यात?"

"आहात हो बाबा."

"मग वाच की. कशीही असू दे. मला कुठे परीक्षा घ्यायचीय!"

"थोडंच राहिलंय. पुढच्या महिन्यात नक्की."

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता बाबा गेले. धाकटी उशाशी होती. मोठी छापखान्यात कुणाच्या तरी पुस्तकातल्या चुका काढत होती.

तेरा-चौदा दिवसांनी तिने मला उघडलं. कादंबरी आता एकोणीस पानांची होती. ती खाली जमिनीवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली, समोर पलंग होता त्याच्याकडे तोंड करून. नऊ मजली इमारत, तिचे जिने, खिडक्या, सकाळचं ऊन, सगळं नेटकं होतं. एकही चूक नव्हती. लिफ्टही होती. लिफ्टमन नव्हता. ती शेवटच्या पानापर्यंत त्याला शोधत गेली. मग तिने कोरा कागद घेतला. "आपण दोघं एकाच मजल्यावर आहोत" ही ओळ तिला आठवत होती, पण तिच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं ते काही केल्या आठवेना. पहिल्यांदाच ती त्या खोलीत मोठ्याने रडली. मी उघडाच होतो, मला तोंड फिरवता येत नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळे सांगतात. मी तुमच्या पाया पडून उलटं सांगतो. लिहिलेलं मला जपायला देऊ नका. मी फार चांगला जपतो, तिथेच घात होतो. कच्चं असो, चुकीचं असो, ऐकणारं माणूस समोर आहे तोवर वाचून टाका, आणि ते हसलं तर हसू द्या. एवढं कळकळीने सांगतोय खरा, पण ऐकेल कोण? जिला सांगायला हवं होतं तिच्याशी मला बोलता येत नाही.

परवा सकाळी सहाला तिने मला पुन्हा उघडलं. मला वेडी आशा वाटली. तिने एकोणीस पानं बाहेर काढली, लाल पेनाचं टोपण उघडलं, पहिल्या पानावरचा एक शब्द खोडला आणि पानं परत माझ्यात ठेवली. मी नेहमीसारखाच बिनआवाज बंद झालो.