एकच डोळा आला

सोनबाच्या गोठ्यात उभ्याउभ्या शेळीचं धारोष्ण दूध प्यायचं, म्हणजे दूध फुकट, अंगात पैलवानाचा जोर, आणि वर बायकोची जिरवल्याचं समाधान. सर्जेरावाला शेवटची कमाई सगळ्यांत गोड लागे. बायको साखरबाई घरी दुधाला उकळीवर उकळी आणायची आणि सर्जेराव त्या उकळून मेलेल्या दुधाला 'मढं' म्हणायचा. दुधाच्या बदल्यात हा ड्रायव्हर आपली एसटी सोनबाच्या बांधाला थांबवी. सोनबा स्वतः मात्र कोरा चहा पिई.

त्याच सुमाराला सोनबाच्या दोन शेळ्या गाभडल्या, पोटातली पिलं गेली. "नजर लागली," म्हणत त्यानं दाराला लिंबू टांगलं आणि धार काढायला बसला.

मग सर्जेरावाला ताप येऊ-जाऊ लागला. कंबर धरली. शेवटी उजवा डोळा लालभडक झाला. सगळं मोरगाव म्हणालं, डोळे आले.

"येत्यात तर दोनी येत्यात," साखरबाई म्हणाली. "ह्यो एकलाच कसा आला?"

"दुसरा मागच्या एसटीनं येतुय!" सर्जेराव म्हणाला.

सोनबानं उपाय सांगितला: डोळ्यात कच्च्या दुधाचे थेंब. सर्जेरावानं तेही घातले. आता उजेड सुईसारखा टोचू लागला.

बारामतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे आले नाहीत, डोळा चाललाय. आतून सुजलाय. शेळीचं कच्चं दूध पिता?"

शेजारी साखरबाई बसलेली.

"छ्या! आमच्यात दूध उकळून उकळून पित्यात."

संसारात पहिल्यांदाच नवऱ्यानं चारचौघांत तिच्या दुधाची बाजू घेतली. साखरबाई लाजली.

"मग कारण दुसरीकडं शोधावं लागेल. वेळ जाईल."

सर्जेरावानं चांगला डोळा झाकून खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गाडीची पाटी रोजची, इंदापूरची. पण अक्षरं धुक्यात. डोळा गेला तर स्टेअरिंग गेलं.

"पितो, बाई. धारोष्ण."

"कधीपासून?"

"ही माहेरी गेली तवापासनं."

"म्या दिवाळीत गेल्ते!" साखरबाई उठूनच उभी राहिली. "अन् आता शिमगा आला की वं!"

रक्त तपासायला पुण्याला गेलं आणि कच्च्या दुधातून येणारा शेळ्यांचा ताप निघाला. महिना-दीड महिना गोळ्या, डोळ्यात थेंब. डोळा वाचला, स्टेअरिंगही वाचलं.

सोनबाच्या शेळ्या तपासल्या, त्यांच्यातही तोच रोग निघाला आणि त्याची दावण निम्मी झाली. एसटी आता त्याच्या बांधाला थांबत नाही. सर्जेराव मढं सायीसकट गुमान पितो. आणि औषधाचे थेंब घालायला रात्री-अपरात्री उठली कोण? जिनं दूध उकळलं, तीच.