फोडून नाही, उघडून

माझ्या घरात रोज एक माणूस शिरायचा. काही चोरायचा नाही, काही मोडायचा नाही. चहा करून प्यायचा, कप विसळून ओट्यावर उपडा घालायचा आणि जाताना दार नीट ओढून घ्यायचा. संध्याकाळी कामावरून आले की तो कप मला वाकुल्या दाखवत बसलेला असे. त्यापेक्षा चोर परवडला. चोराला निदान एवढी लाज असते की तो दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

हा माणूस म्हणजे माझे थोरले दीर.

घर दोघा भावांचं होतं. थोरल्यांनी लग्न केलं नाही. एकट्या जिवाला एवढं घर कशाला, असं तेच म्हणाले आणि आपला अर्धा भाग मला विकला. नवऱ्याला नाही, मला. कपड्यांच्या कारखान्यात कात्री चालवून माझ्या अंगठ्याला घट्टा पडला आहे, त्या घट्ट्याचं ते घर. उरलेला अर्धा भाग नवऱ्याने आपणहून माझ्या नावावर केला. थोरल्यांनी सगळ्यांसमोर सही केली, ट्रंक उचलली आणि दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत गेले. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर कप.

त्या घराण्याचा धंदा कुलपांचा; कुलूपदुरुस्तीचं छोटं दुकान थोरले अजून चालवायचे. सासऱ्यांनी घरात किल्ली म्हणून कधी ठेवली नाही. कुलूपवाल्याच्या घरात किल्ली म्हणजे पहिलवानाच्या हातात काठी, असं म्हणायचे. दोन्ही पोरांनी शाळेतून यायचं आणि तारेने कुलूप काढून आत शिरायचं. ज्याला जमेल त्याला जेवण, ज्याला जमणार नाही तो पायरीवर. माझ्या नवऱ्याच्या हातात ती कला नव्हती, त्याचं अर्धं बालपण पायरीवर गेलं. मागच्या दाराला टपाल टाकायची फट आहे, त्या फटीतून थोरले त्याला आपल्या ताटातलं खायला द्यायचे. आता नवरा गाडी चालवतो, पण थोरल्यांचं नाव काढलं की अजून त्याचं तोंड पायरीवरच्या पोरासारखं होतं.

थोरल्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणीच यंत्रात गेली होती. सगळी विद्या उजव्या हातात. चष्मा लावूनही त्यांना जवळचं धड दिसत नसे, पण कुलपात तार घालून डोळे मिटले की झालं.

एकदा मी मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. थोरले स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा फुंकत होते.

"भाऊजी, हे घर आता माझं आहे. असं न विचारता यायचं नाही."

"अगं, मी काय फोडून आलो का?" ते म्हणाले. "उघडून आलो."

"त्यात फरक काय?"

"फोडून येतो तो चोर. उघडून येतो तो घरचा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. तोंडाकडे पाहिलं तर थट्टा नव्हती. साठी ओलांडलेल्या माणसाचा खरोखरच असा समज होता की सही वगैरे कागदावरच्या गोष्टी, पण कुलूप हाताला उघडतंय तोवर घर आपलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. इथे तर ओसरीसुद्धा कोणी दिली नव्हती.

मी कुलूप बदललं. त्यांनी उघडलं. पुन्हा बदललं. त्यांनी उघडलं, आणि वर नवऱ्याला निरोप दिला, "नवं कुलूप फार कोरडं होतं रे, तेल घातलंय." नवरा हसला. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. पोलीस चौकीत गेले. हवालदाराने विचारलं, काय काय गेलं? म्हटलं, चहा. तोही हसला. "घरचंच माणूस आहे ताई, सांभाळून घ्या." सगळ्या जगाला हसू येत होतं. माझ्या घरात मी कपडे बदलताना दाराला खुर्ची लावत होते, त्याचं कोणाला काही नव्हतं.

शेवटी बाजारातलं सगळ्यात भारी कुलूप आणलं. आतून असो की बाहेरून, किल्लीशिवाय हलायचं नाही. दुकानदार म्हणाला, "बाई, हे उघडणारा अजून जन्माला यायचाय." तो जन्मून साठ वर्षं झाली होती आणि कालच माझ्याकडे चहा पिऊन गेला होता, पण मी पैसे मोजले.

आणि काय सांगू, कुलूप टिकलं. ओटा रिकामा. पहिल्यांदा मी माझ्या घरात गाणं गुणगुणले. आठवडा गेला आणि पुन्हा कप.

"पुढच्या दाराचं कुलूप सुरेख आहे," थोरल्यांनी रस्त्यात भेटल्यावर मलाच सांगितलं, अगदी कौतुकाने. "अभ्यास चालू आहे. वेळ लागेल त्याला. तोवर मागून येतो."

मागच्या दाराला कुलूप नव्हतं, आतून नुसती कडी. टपालाच्या फटीतून कोपरापर्यंत हात घालायचा आणि चाचपत कडी काढायची. लहानपणी भावाला घास द्यायचे ती फट.

नवरा म्हणाला, "उद्या फळी ठोकून टाकतो."

"राहू दे," मी म्हटलं. "मी बघते."

खरं सांगते, फळीने काम झालं असतं. दोन खिळे आणि एक हातभर लाकूड. पण मला काम व्हायला नको होतं. मला त्यांना दुखायला हवं होतं. मी घुशीचा चाप आणला, दात असलेला, दुकानातला सगळ्यात मोठा. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या शेजारी, हात फिरतो नेमक्या त्या जागी स्क्रूने पक्का बसवला. कारखान्यात थान कापायच्या आधी खुणा करते, तशाच खुणा केल्या.

सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला बाजारात पाठवलं, माझ्या चपला लपवल्या आणि आत स्टूल घेऊन बसले. चहासुद्धा करून घेतला. म्हटलं, आज मी पिणार.

फटीवरची झापड वर उचलली गेली. उजवा हात आत आला. सुरकुतलेला, स्वच्छ, नखं बारीक कापलेली. आई रात्री पोराच्या कपाळावर हात ठेवते तसा तो दारावरून हळूच सरकत होता. मला ओरडता आलं असतं. हात चापापर्यंत पोचायला चांगला वेळ होता, आणि तो सगळा वेळ मी बघत होते.

चाप मिटला.

थोरले किंचाळले नाहीत. आधी नुसता एक हुंकार आला, मग दारावर डोकं टेकल्याचा आवाज. हात ओढायला गेले, चाप सोडेना. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "घरात कोणी आहे का?"

कपात चहा उरला होता, तो संपवला. गोड लागला. त्यांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज लहान झाला होता. तेव्हा मी चपला घातल्या, पुढून बाहेर पडले, वळसा घालून मागच्या गल्लीत आले आणि "अगंबाई, भाऊजी, हे काय?" म्हणून छातीवर हात ठेवला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलं होतं. माझ्या ओठाला चहाची ओली कड असेल नसेल, मला ठाऊक नाही. ते एवढंच म्हणाले, "चाप काढ."

हाडांच्या डॉक्टरने तीन बोटांत सळ्या घातल्या. जोडतील, म्हणाला, पण वळायची नाहीत. कसं झालं, असं विचारल्यावर थोरले म्हणाले, "दुकानाचं शटर पडलं." मला ते उपकार चापापेक्षा जास्त टोचले. माझं नाव घेतलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, सगळं अंगावर घेऊन मोकळी झाले असते.

घरी आल्यावर नवरा मागच्या दारापुढे उभा राहिला. चाप त्याच्या छातीच्या उंचीला होता.

"घूस एवढ्या उंचावर चढते?"

"चढते," मी म्हटलं.

त्याने त्या फटीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्याने चाप काढला, फटीवर फळी ठोकली, आणि हातोडी खाली ठेवून म्हणाला, "दादा आता इथेच राहील. त्याला काम करता येणार नाही. शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही त्याला."

"किती दिवस?"

"तुला सांगितलं ना, इथेच."

लग्न झाल्यापासून तो माझ्याशी अशा आवाजात बोलला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याला दारातून आत येऊ द्यायचं नव्हतं, तो ट्रंकेसकट आला. पुढच्या खोलीतली माझी खुर्ची त्याची झाली. त्याचा भात मी कालवून द्यायचा, त्याची बटणं मी लावायची, त्याचा कप मी विसळायचा. थोरले प्रत्येक वेळी म्हणायचे, "राहू दे गं." बटण लावताना त्यांचं तोंड माझ्या तोंडाजवळ येई आणि दोघंही भिंतीकडे बघत असू. त्यांना कळलेलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलेलं आहे. आणि तरी दया येत नव्हती, राग येत होता. दिवसेंदिवस जास्तच.

मग एक दिवस मला सुचलं. नवरा सकाळीच गाडी घेऊन जातो, त्याच्यामागून मी निघते. त्या दिवशी मी मागच्या दाराला बाहेरून टाळं ठोकलं आणि पुढे आले.

"भाऊजी, हल्ली दिवसाढवळ्या चोऱ्या होताहेत," मी चपला घालत म्हटलं. "मी बाहेरून कुलूप लावून जाते. तुम्ही निवांत पडा."

खुर्चीतून त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. "बरं," म्हणाले.

मी दार ओढलं, ते भारी कुलूप लावलं, पण निघाले नाही. दाराला कान लावून उभी राहिले. खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली. मग कुलपात बारीक खरखर सुरू झाली. डाव्या हाताच्या तीन बोटांत तार धरली असणार. तार फरशीवर पडली. उचलायला त्यांना बराच वेळ लागला. पुन्हा खरखर, पुन्हा तार पडली. कामाला उशीर होत होता, तरी माझा पाय निघेना. लग्नाच्या दिवशीही मी इतकी खूश नव्हते.

खरखर थांबली. दाराच्या पलीकडे, अगदी माझ्या कानाजवळ, थोरल्यांचा श्वास ऐकू आला. ते विनवतील, शिव्या देतील, रडतील, मी वाट बघत होते.

"गेली नाहीस ना अजून?" ते म्हणाले. "अर्धंच लागलंय हे. आणखी एक फेरा बसतो त्याला. फिरव."

मी किल्ली परत घातली. एक फेरा खरंच शिल्लक होता. तो फिरवला आणि मी कामाला गेले.