बंद पडण्याची वाट

नवी गाडी घेऊन दोन महिने होत नाहीत तोच ती चौथ्यांदा वर्कशॉपच्या दारात उभी होती. हळू चालवताना इंजिन मधेच बंद पडायचं. परवा तर भर चौकात, मागे आठ महिन्यांची लेक बसलेली असताना. मेकॅनिक दर वेळी एक फेरी मारून यायचा आणि ‘दोष आढळला नाही’ असं लिहून द्यायचा. त्याने स्वतः पाहिल्याशिवाय कंपनी पार्ट बदलणार नव्हती.

“ताई, गाडी मस्त पळतेय. तुम्ही उगाच धसका घेतलाय,” तो म्हणाला.

“पळताना नाही हो, रांगताना बंद पडते. आज तुम्ही शेजारी बसा, मी चालवते.”

लेकीला तिने सासूबाईंकडे ठेवलं होतं, पण गाडी चालवली ती लेक मागे झोपलीय अशाच बेताने. दोन फेऱ्या झाल्या. गाडी शहाण्यासारखी चालत राहिली. मेकॅनिकने जांभई दिली. जे होऊ नये म्हणून ती रोज जीव मुठीत धरायची, तेच आज व्हावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

तिसऱ्या फेरीत, वळणावर, इंजिन गप्प झालं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला.

“अगं आई गं!” मेकॅनिक ओरडला.

“लिहा,” ती म्हणाली. “आधी लिहा, मग उतरा.”