पालथं पडलेलं बंदर

दादाने चादर ओढली आणि धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चादरीखाली टेबल होतं. दादाने सुट्टीचे दिवस खर्ची घालून, बाल्कनीत रंधा मारून स्वतःच्या हाताने केलेलं. वर काच, काचेखाली गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचा पट, चारी कडांना लाकडी पट्ट्या. पट सरकू नये म्हणून तो प्लायवूडवर भरपूर गोंद लावून कायमचा चिकटवला होता. गोंद किती पक्का आहे हेही दादाने सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी.

"खास तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तुझा आवडता ट्रॅक. आता दर वेळी उघडा, मांडा, आवरा, ही कटकटच संपली."

काचेखाली धावपट्टी होती.

आता ही काय भानगड ते सांगायला हवं. मूळ खेळ दादाचा. पण एकाच ट्रॅकवर गाड्या फिरवून फिरवून सगळ्यांना कंटाळा आला, तेव्हा जादा ट्रॅकांचा खोका धाकटीने आणला. मग प्रत्येकाने आपापला ट्रॅक धरला. वहिनीला जंगलातला आवडायचा, कारण तो लवकर संपतो. बाबांना डोंगरातला, कारण तिथे सगळ्यांच्याच गाड्या घसरतात, एकट्या म्हाताऱ्याची नाही. दादाला धावपट्टी, म्हणजे जुन्या विमानतळावरचा ट्रॅक. दोन लांबलचक सरळ रस्ते, दोन ऐसपैस वळणं. या खेळात प्रत्येक गिअरचा फासा वेगळा; पाचवा गिअर टाका, त्याचा मोठा फासा फेका आणि आरडाओरडा करा. यात डोकं कुठे लागतं, ते दादालाच ठाऊक.

आणि धावपट्टीच्या पाठीवर होतं बंदर. या खेळाचे पट दोन्ही बाजूंनी छापलेले असतात, एका बाजूला एक ट्रॅक, दुसरीवर दुसरा. अख्खा खोका धाकटीने त्या बंदरासाठी आणला होता. गोदामांच्या मधून जाणारा अरुंद रस्ता, धक्क्याला लागून एकामागून एक तीन वळणं, तिसरं तर थेट क्रेनच्या पायाशी. चौथ्या गिअरवरून दुसऱ्यावर वेळेत उतरला नाहीत तर गाडी पाण्यात. धाकटी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून ती लोकांना सांगायची, गिअर वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. ऐकायचं कोण? बंदर मात्र ऐकायचं. त्या ट्रॅकवर सबुरीला किंमत होती.

बंदरावर ते एकदाच खेळले, खोका आणला त्याच दिवशी. क्रेनपाशी दादाची गाडी पाण्यात गेली आणि दादाने निकाल दिला की ट्रॅकच चुकीचा छापलाय. त्यानंतर पट उघडायचा दादाच, आणि त्याने उघडला की वर यायची ती धावपट्टीच. धाकटी म्हणायची, आज बंदर घेऊ या. दादा म्हणायचा, हो हो, पुढच्या वेळी. आणि तोवर गाड्या मांडूनही झालेल्या असायच्या. तिचं बोलणं या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी घरात ती धाकटीच होती, आणि धाकटीचं म्हणणं म्हणजे खोलीतल्या पंख्याचा आवाज.

"दादा, या पटाच्या मागे काय होतं?" तिने विचारलं.

"मागे?" दादा आठवू लागला. "होतं काहीतरी निळं निळं. ती बाजू आपण वापरतच नाही ना, म्हणून तिलाच गोंद लावला."

काहीतरी निळं निळं. धाकटीने वहिनीकडे बघितलं. वहिनी एकदम काच पुसायला लागली, जशी काही त्यावर धूळ होती. बाबा हळूच म्हणाले, "एवढं प्रेमाने केलंय गं त्याने. चार शब्द गोड बोल."

म्हणजे पुन्हा गोड तिनेच बोलायचं. "छान झालंय," ती म्हणाली, आणि स्वतःचाच तिला इतका राग आला की कान गरम झाले.

खेळ सुरू झाला. धाकटीने विचार बाजूला ठेवला आणि तिचे सगळ्यात वाईट विद्यार्थी चालवतात तशी गाडी हाणली. वळणाआधी गिअर कमी नाही, टायरची पर्वा नाही, पाचवा तर पाचवा. फासे ती काचेवर आपटत होती. नशीब म्हणा किंवा संताप म्हणा, दान मागेल तसं पडत गेलं. दादाची गाडी शेवटच्या वळणात असतानाच तिची रेषेपार झाली. धावपट्टीवर ती पहिल्यांदाच जिंकली होती.

दादाचा चेहरा फुलला. हरल्याचं त्याला जराही वाईट वाटलं नव्हतं, आणि तेच जास्त झोंबणारं होतं. त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ, म्हटलं नव्हतं? हाच तुझा ट्रॅक."

"नाही," धाकटी म्हणाली. "हा तुझा ट्रॅक आहे. मला हा कधीच आवडला नाही. माझा ट्रॅक बंदर. तो तू गोंद लावून चिकटवून टाकलास आणि वर म्हणतोस खास माझ्यासाठी. मी दर वेळी सांगत होते, दादा. दर वेळी."

दादाने वहिनीकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"अहो, सगळ्यांनाच माहीत होतं," वहिनी म्हणाली.

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. दादा गोंधळून गेला होता. त्याचं हे टेबल, हे कौतुक, सगळं एका क्षणात त्याच्या अंगावर आलं होतं, आणि अशा वेळी तो नेहमी करतो तेच त्याने केलं, चूक समोरच्यात शोधली. "आवडत नव्हता, तर इतकी वर्षं खेळलीस कशाला?"

"तू दुसऱ्या ट्रॅकवर खेळत नव्हतास," धाकटी म्हणाली. "आणि मला तुझ्याबरोबर खेळायचं होतं."

दादाने धावपट्टीकडे बघितलं. मग तो खुर्ची मागे सारून उठला, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला आणि मान वाकडी करून त्याने टेबलाखाली बघितलं.

तिथे नुसतं प्लायवूड होतं.