चार सेकंदांची जागा

“काका, पाचच्या आत सगळ्या टेपा भंगारात गेल्या पाहिजेत,” नव्या विभागप्रमुख बाई दारातूनच म्हणाल्या. भाषा विभागाच्या रेकॉर्डिंगवाल्या काकांनी मान डोलावली आणि सोळावी टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

आवाज विभागात पूर्वी भाषा शिकवणाऱ्या मॅडमचा. त्या मराठीत वाक्य म्हणत, विद्यार्थ्याला बोलायला चार सेकंद जागा सोडत, मग तेच इंग्रजीत, जर्मनमध्ये, डचमध्ये म्हणून दाखवत. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेअलीकडे काका घड्याळ धरून बसत. अशी अकरा वर्षं गेली. मधूनच मॅडम गोष्टीत शिरत. “हे ‘मस्ट’ आहे ना, याच्या मुळाचा अर्थ पूर्वी ‘मुभा आहे’ असा होता. शतकं उलटली आणि मुभेची सक्ती झाली. जर्मनमध्येही तेच. आणि ‘शॅल’ म्हणजे मुळात ‘देणं लागतो’.” माझ्या नोकरीचंही तेच झालंय, काका मनात म्हणत आणि गालात हसत.

या टेपेत एक वाक्य होतं. “मी थांबू का?”

सकाळी त्यापुढची जागा चार सेकंदांची होती. दुपारी ती सात भरली. काकांनी यंत्र तपासलं, घड्याळ बदललं, तर अकरा. रीळ तेच, फीत तेवढीच. काकांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

कारण हाच प्रश्न मॅडमनी एकदा खरोखर विचारला होता. शेवटच्या रेकॉर्डिंगनंतर काका वायरी गुंडाळत होते. खांद्याला पर्स लावून दारात उभ्या राहत मॅडम म्हणाल्या, “मी थांबू का?” उत्तर काकांच्या अगदी ओठांवर होतं, आणि हा बाबा वायरीच गुंडाळत राहिला. मॅडम जरा थांबल्या, मग निघाल्या. पुढच्याच चौकात ट्रकने त्यांना उडवलं. एकोणीस वर्षं झाली. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ?

साडेचारला वाक्य पुन्हा आलं. जागा सुरू झाली ती संपेचना. वीस सेकंद, चाळीस. हेडफोनमध्ये कुणीतरी हळूहळू श्वास घेत होतं. ही टेप गेली की विचारणारंही कुणी उरणार नव्हतं.

“थांबा,” काका म्हणाले. “तुम्ही थांबावं असंच वाटत होतं मला.”

काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीत खुर्ची सरकली. काकांनी वर पाहिलं नाही.

पाचला भंगारवाला आला. त्याने हेडफोन कानाला लावून पाहिला. “यात तर काहीच नाही. घेऊ?”

“ही नको. बाईंना माझं नाव सांगा,” काका म्हणाले. “पाठ चालू आहे अजून.”

मग उठून त्यांनी काचेपलीकडचा दिवा लावला.